ट्रॅप-६ पेप्टाइडचा प्रयोगशाळेतील वापर: प्लेटलेट-संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत थ्रॉम्बिन हे एकच विकर दोन निरनिराळी कामे करते. रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे तोडून ते त्याचे फायब्रिनच्या जाळ्यात रूपांतर करते, आणि प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्राहीप्रथिनाला डिवचून प्लेटलेट एकमेकांना चिकटतील अशी व्यवस्था करते. प्लेटलेटचा अभ्यास करणाऱ्याला पहिले काम नको असते, कारण थ्रॉम्बिन रक्तद्रवात घातले की काही क्षणांत सगळा नमुना थिजतो आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. ट्रॅप-६ हे सहा अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड यातले दुसरे काम तेवढे करते. त्याचे बहुतेक उपयोग या अर्धवटपणातून निघाले आहेत, आणि नवख्यांची बहुतेक फसगतही त्याला थ्रॉम्बिनचा पर्याय समजल्यामुळे होते. पुढील पायऱ्या वाचताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा.

रेणू आधी समजून घ्यावा

१९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शॉन कॉफलिन यांच्या गटाने थ्रॉम्बिनच्या ग्राहीप्रथिनाचे जनुक वेगळे केले. आज ते प्रथिन पार-१ या नावाने ओळखले जाते. त्याची कार्यपद्धती त्या काळी अगदीच अनपेक्षित होती. थ्रॉम्बिन या प्रथिनाच्या पेशीबाहेरील शेंड्याला ४१व्या आर्जिनिन आणि ४२व्या सेरीन यांच्यामध्ये छेद देते. त्यामुळे उघडा पडलेला नवा शेंडा त्याच प्रथिनाच्या अंगावर वळून बसतो आणि पेशीच्या आत संदेश पाठवतो. म्हणजे ग्राहीप्रथिनाला चेतवणारा घटक बाहेरून येत नाही, तो त्याच्याच शरीराचा भाग असतो. या नव्या शेंड्याची पहिली सहा अमिनो आम्ले सेरीन, फेनिलअ‍ॅलानिन, ल्यूसीन, ल्यूसीन, आर्जिनिन आणि अ‍ॅस्परजिन अशी आहेत. तेवढाच तुकडा प्रयोगशाळेत तयार करून बाहेरून दिला, तर थ्रॉम्बिनने छेद न देताही पार-१ चेतवले जाते. हाच ट्रॅप-६.

दाव्याने बांधलेली गाय गव्हाणीपासून लांब जाऊ शकत नाही, तसा मूळचा शेंडा ग्राहीप्रथिनाच्या कायम निकट असतो. मोकळे सोडलेले पेप्टाइड मात्र द्रवात सर्वत्र विखुरते. म्हणून थ्रॉम्बिनला नॅनोमोलर मात्रा पुरते, तर ट्रॅप-६ला मायक्रोमोलर मात्रा लागते. मात्रेतील हा फरक पाहून आपल्याकडील पेप्टाइड कमकुवत निघाले, असा निष्कर्ष काढू नये.

मागणी नोंदवताना पाहायच्या गोष्टी

पुरवठादाराच्या यादीत एकाच नावाखाली दोन रूपे आढळतात. एकात शेवटचे कार्बॉक्सिल टोक मोकळे असते, तर दुसऱ्यात ते अमाइडने झाकलेले असते. मोकळ्या रूपाचे रेणुभार ७४८.९ आहे आणि अमाइड रूपाचे त्यापेक्षा सुमारे एकने कमी. दोन्ही रूपे काम करतात, परंतु एका अभ्यासात एकच रूप वापरावे. सुरुवातीच्या सेरीनचा अमिनो गट मात्र कोणत्याही परिस्थितीत मोकळा असला पाहिजे. त्यावर अ‍ॅसिटिल गट चढवलेले पेप्टाइड निष्क्रिय असते. सुरुवातीच्या टोकाला चमकणारा रंग किंवा बायोटिन जोडून घेण्याची कल्पना नवख्यांना हमखास सुचते. ती याच कारणाने टिकत नाही.

शुद्धता ९५ टक्के किंवा अधिक असावी. शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे घाई करून चालत नाही. कुपीतील पांढऱ्या पावडरीत पेप्टाइडसोबत ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट क्षार आणि थोडे पाणीही असते. ९८ टक्के शुद्ध अशी नोंद असलेल्या कुपीतही वजनाच्या हिशेबाने पेप्टाइड ८० टक्केच असू शकते, कारण शुद्धतेचा आकडा फक्त इतर पेप्टाइडांच्या भेसळीबद्दल बोलतो. विश्लेषण-प्रमाणपत्रावर निव्वळ प्रमाण दिलेले नसेल तर ते पुरवठादाराकडून लेखी मागवून घ्यावे.

विरघळवणे आणि साठवणे

कुपी उणे २० अंश सेल्सिअसला, शोषक पुडीसह बंद डब्यात ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, कारण थंड पावडर हवेतला ओलावा लगेच ओढून घेते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा. जुलैतल्या दमट हवेत उघडलेल्या थंड कुपीतील पुढच्या प्रत्येक वजनावर विश्वास ठेवणे कठीण होते. उघडण्यापूर्वी कुपी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, म्हणजे झाकणाला चिकटलेली पावडर तळाशी येते.

समजा कुपीत ५ मिलिग्रॅम पावडर आहे आणि निव्वळ पेप्टाइड ८० टक्के आहे. म्हणजे प्रत्यक्ष पेप्टाइड ४ मिलिग्रॅम झाले. त्याला ७४८.९ ने भागल्यावर ५.३४ मायक्रोमोल मिळतात. १० मिलिमोलरचा मूळ साठा हवा असेल तर ५३४ मायक्रोलिटर निर्जंतुक शुद्ध पाणी घालावे. निव्वळ प्रमाण विसरून पूर्ण ५ मिलिग्रॅमवर हिशेब केला असता तर ६६८ मायक्रोलिटर पाणी घातले गेले असते, आणि बाटलीवर १० मिलिमोलर लिहूनही आत ८ मिलिमोलरच द्रावण राहिले असते. संपृक्त मात्रेला हा फरक दिसणार नाही. अर्धपरिणामाची मात्रा काढताना मात्र तो नेमका आडवा येईल.

हे पेप्टाइड पाण्यात सहज विरघळते, डायमिथिल सल्फॉक्साइडची गरज पडत नाही. तयार साठा २० ते ५० मायक्रोलिटरच्या लहान नळ्यांत वाटून उणे २० किंवा उणे ८० अंशांना ठेवावा. एक नळी एकदाच वितळवावी आणि उरलेले टाकून द्यावे. पुन्हा गोठवलेली नळी वाया जाणाऱ्या पेप्टाइडपेक्षा महाग पडते, कारण तिच्यामुळे एखाद्या दात्याचे रक्त वाया जाते.

प्रयोगाच्या दिवशी अंतिम मात्रेच्या दसपट तीव्रतेची द्रावणे करावीत. मूळ साठ्यातील ५ मायक्रोलिटर १९५ मायक्रोलिटर सलाइनमध्ये मिसळले की २५० मायक्रोमोलर मिळते. त्यातील ८० मायक्रोलिटरमध्ये १२० मायक्रोलिटर सलाइन घातले की १०० मायक्रोमोलर, आणि तिथून पुढे ५०, २० व १० मायक्रोमोलरपर्यंत उतरता येते. ही द्रावणे बर्फावर ठेवावीत आणि दिवसाअखेर फेकून द्यावीत.

रक्त काढणे आणि प्लेटलेटयुक्त रक्तद्रव तयार करणे

माझ्या मते या कामातले यशापयश पेप्टाइडपेक्षा रक्ताच्या हाताळणीवर अधिक अवलंबून असते. मानवी रक्त वापरण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी, समजून दिलेली संमती आवश्यक आहे. भारतात यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे रक्त घेतानाही यातून सूट नाही. रक्त हाताळणाऱ्याने हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी.

दात्याने आधीचे किमान ७ ते १० दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेले नसावे, आणि इतर वेदनाशामक गोळ्यांचीही चौकशी करावी. ‘कोणते औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. ‘डोकेदुखीची किंवा सर्दीची गोळी घेतली का?’ असे विचारल्यावर खरे उत्तर मिळते. ट्रॅप-६ हे जोरकस चेतक असल्यामुळे जास्त मात्रेला अ‍ॅस्पिरिनचा परिणाम झाकला जातो, कमी मात्रेला मात्र तो उघड होतो. रक्त काढण्यापूर्वी अर्धा तास धूम्रपान आणि दोन तास चहा-कॉफी टाळावी.

सुई २१ गेजची असावी आणि दंडावरची पट्टी शक्य तितकी सैल व थोडा वेळ ठेवावी. पहिले ३ ते ४ मिलिलिटर रक्त बाजूला काढावे, कारण शिरेला सुई टोचताना तयार झालेले थ्रॉम्बिनचे अंश त्यात असतात. त्यानंतर ३.२ टक्के सोडियम सायट्रेटच्या नळीत नऊ भाग रक्त व एक भाग सायट्रेट या प्रमाणात रक्त घ्यावे. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी इथे चालत नाही. ईडीटीए कॅल्शियम इतके घट्ट धरून ठेवते की फायब्रिनोजेनला पकडणारे प्लेटलेटवरचे प्रथिनच विस्कळीत होते, आणि मग कोणतेही चेतक घातले तरी आलेख सरळ रेषेत जातो.

नळी हळुवार उलटीपालटी करावी, जोरात हलवू नये, आणि बर्फात तर मुळीच ठेवू नये. पेप्टाइड थंडीत टिकते, प्लेटलेट थंडीत बिघडतात. दोन्ही एकाच बर्फाच्या डब्यात ठेवण्याचा मोह टाळावा. १५ मिनिटे खोलीच्या तापमानाला विसावा दिल्यावर २०० जी बलाने १० मिनिटे, ब्रेक न लावता, रक्त फिरवावे. इथे जी म्हणजे गुरुत्वबल, यंत्रावरचे मिनिटाचे फेरे नव्हेत. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला २०० जी साठी मिनिटाला सुमारे १०६० फेरे लागतात; त्रिज्या बदलली की आकडा बदलतो. वरचा फिकट, धुरकट थर रुंद तोंडाच्या प्लास्टिक पिपेटने अलगद घ्यावा आणि खालच्या तांबड्या थराजवळ जाऊ नये. हा झाला प्लेटलेटयुक्त रक्तद्रव. उरलेले रक्त १,५०० जी बलाने १५ मिनिटे फिरवले की प्लेटलेटविरहित रक्तद्रव मिळतो.

प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाची नळी उजेडासमोर धरून हळू फिरवली तर आत धुराचे लोट फिरल्यासारखे दिसतात. निरोगी, चकतीच्या आकाराचे प्लेटलेट प्रकाश असा विखुरतात. हे लोट दिसले नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही. प्लेटलेटची मोजणी करून नोंदवावी. ती लिटरला १५० गुणिले १० चा नववा घात या पातळीच्या खाली असेल तर निष्कर्ष जपून काढावेत. नळीचे झाकण बंद ठेवावे, अन्यथा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू वाढतो. रक्त काढल्यापासून ४ तासांच्या आत सर्व मापन संपले पाहिजे.

समुच्चयन मोजणे

समुच्चयन म्हणजे प्लेटलेट एकमेकांना चिकटून गुठळ्या होणे. ते मोजण्याची, पार जाणाऱ्या प्रकाशावर आधारलेली ही पद्धत गुस्टाव्ह बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. (भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे माक्स बॉर्न हे त्यांचे वडील, रामन यांच्या निमंत्रणावरून ते १९३५-३६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून गेले होते.) तत्त्व सरळ आहे: प्लेटलेट सुटे असताना द्रव गढूळ दिसतो, ते एकत्र येऊन गुठळ्या झाल्या की त्यातून जास्त प्रकाश पार जातो.

यंत्र ३७ अंशांवर स्थिर झाल्यावर प्लेटलेटविरहित रक्तद्रवाला १०० टक्के आणि प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाला ० टक्के ठरवावे. क्युव्हेटमध्ये २२५ मायक्रोलिटर प्लेटलेटयुक्त रक्तद्रव आणि ढवळणारी छोटी दांडी घालावी, ढवळण्याचा वेग मिनिटाला १,००० फेरे ठेवावा, आणि पायारेषा एक-दोन मिनिटे स्थिर असल्याची खात्री करावी. मग १०० मायक्रोमोलरचे २५ मायक्रोलिटर द्रावण थेट द्रवात सोडावे, भिंतीवर नव्हे. अंतिम मात्रा १० मायक्रोमोलर होते, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आरंभासाठी हीच मात्रा सुचवलेली आहे. आलेख किमान ३ मिनिटे, शक्यतो ५ मिनिटे पाहावा. दांडी घालायची राहिली तर पेप्टाइड कितीही चांगले असले तरी काही घडत नाही, कारण प्लेटलेट एकमेकांवर आदळल्याशिवाय चिकटत नाहीत.

आलेखाचे वाचन

सुरुवातीला रेषा किंचित खाली जाते. हा आकारबदलाचा क्षण असतो, चकतीसारखे प्लेटलेट गोलसर व काटेरी होतात. त्यानंतर रेषा वेगाने वर चढते. बहुतेक निरोगी दात्यांमध्ये १० मायक्रोमोलरला ती वर जाऊन तिथेच टिकते. मात्रा २ ते ५ मायक्रोमोलरच्या आसपास आणली की अनेकदा रेषा चढून पुन्हा उतरते, म्हणजे गुठळ्या सुटतात. नवखा विद्यार्थी इथे यंत्राला दोष देतो, परंतु कारण जीवशास्त्रात आहे. मानवी प्लेटलेटवर पार-१ सोबत पार-४ हेही ग्राहीप्रथिन असते. पार-१ चा संदेश झटकन येतो व झटकन ओसरतो; पार-४ चा सावकाश येतो आणि टिकतो. थ्रॉम्बिन पुरेशा मात्रेत दोघांना चेतवते, ट्रॅप-६ फक्त पहिल्याला. कमी मात्रेला गुठळी टिकायची असेल तर प्लेटलेटने स्वतः बाहेर टाकलेल्या एडीपी या चेतक रेणूचा आधार लागतो. एडीपीचे ग्राहीप्रथिन अडवणारे क्लोपिडोग्रेल हे औषध घेणाऱ्या रुग्णात हा आधार तुटलेला असल्यामुळे गुठळ्या सुटण्याचे प्रमाण वाढते.

म्हणून एकाच मात्रेवर थांबू नये. १, २, ५, १० आणि २५ मायक्रोमोलर अशी मालिका प्रत्येक दात्यासाठी करावी, कारण दात्यादात्यांतील फरक कमी मात्रांनाच उमटतो.

ग्लॅन्झमन विकारात, म्हणजे फायब्रिनोजेन पकडणारे प्रथिन जन्मतःच सदोष किंवा अनुपस्थित असताना, आकारबदलाची खाच दिसते पण रेषा वर जात नाही. संदेश पोहोचला, चिकटण्याचे साधन नाही, असा त्याचा अर्थ. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आनुवंशिक रक्तस्राव-विकारांवर काम चालते. निदानाचा प्रश्न असेल तर तो अशा तज्ज्ञ केंद्राकडे सोपवावा, संशोधनासाठी मांडलेल्या टेबलावर त्याचा निकाल लावू नये.

नियंत्रण-नमुने

पेप्टाइडऐवजी नुसते सलाइन घातलेला एक नमुना दर वेळी हवाच. त्यातही रेषा चढली तर प्लेटलेट आधीच चेतलेले आहेत. पहिल्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केलेले, फेनिलअ‍ॅलानिनने सुरू होणारे पेप्टाइड निष्क्रिय असते आणि ते नकारात्मक नियंत्रण म्हणून उत्तम काम देते. पार-१ चा सहभाग सिद्ध करायचा असेल तर व्होरापॅक्सार हे अवरोधक नमुन्यात आधी मिसळून पाहावे. मे २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध पार-१ ला अडवते, आणि त्याच्या उपस्थितीत ट्रॅप-६ चा परिणाम नाहीसा झाला पाहिजे.

रक्तद्रवातील अमिनोपेप्टिडेझ विकर पेप्टाइडच्या सेरीनकडील टोकाला कुरतडते. त्यामुळे पेप्टाइड रक्तद्रवात आधी मिसळून ठेवणे आणि नंतर प्लेटलेट घालणे हा क्रम चुकीचा ठरतो. तासन्‌तास चालणाऱ्या प्रयोगातही हीच अडचण येते.

संशोधनातील अन्य उपयोग

फ्लो सायटोमेट्रीमध्ये, म्हणजे पेशी एकेक करून लेसरसमोरून नेत मोजण्याच्या पद्धतीत, ट्रॅप-६ जवळजवळ सार्वत्रिक सकारात्मक नियंत्रण बनले आहे. पातळ केलेला नमुना न ढवळता पेप्टाइड आणि पी-सिलेक्टिनविरुद्धचे (चेतलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येणाऱ्या प्रथिनाविरुद्धचे) रंगीत प्रतिपिंड यांच्यासह १५ ते २० मिनिटे अंधारात ठेवायचा, मग १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करून मोजायचा, इतके ते सोपे आहे. इथे थ्रॉम्बिनच हवे असेल तर फायब्रिनचे जाळे होऊ नये म्हणून ग्लायसीन, प्रोलीन, आर्जिनिन, प्रोलीन हे चार अमिनो आम्लांचे दुसरे पेप्टाइड मिलिमोलर मात्रेत घालावे लागते. फायब्रिनचे रेणू एकमेकांत अडकण्याची जी जागा असते ती ते व्यापून टाकते.

पूर्ण रक्तावर विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्रांत साधारण ३२ मायक्रोमोलर अंतिम मात्रा वापरली जाते. त्यासाठी रक्त घेण्याच्या नळ्यांत बहुधा हिरुडिन असते. हिरुडिन आणि हेपॅरिन थ्रॉम्बिनला रोखतात, ट्रॅप-६ ला नाही, कारण त्याच्या वाटेत थ्रॉम्बिन येतच नाही. म्हणून हेपॅरिनवर असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेटची क्षमताही त्याने तपासता येते.

जिथे हे पेप्टाइड वापरू नये

उंदरांवर काम करणाऱ्यांनी ट्रॅप-६ मागवूच नये. उंदराच्या प्लेटलेटवर पार-१ नसते, पार-३ आणि पार-४ असतात. तिथे अ‍ॅलानिन-टायरोसीन-प्रोलीन-ग्लायसीन-लायसीन-फेनिलअ‍ॅलानिन हे पार-४ चेतवणारे पेप्टाइड लागते, तेही बऱ्याच जास्त मात्रेत. रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवर काम असेल तर वेगळी अडचण आहे. त्या पेशींवर पार-२ असते आणि ट्रॅप-६ त्यालाही चेतवते, म्हणून तिथे सेरीनऐवजी थ्रिओनिनने सुरू होणारे, पार-१ पुरते मर्यादित राहणारे रूप निवडावे.

माणसाला किंवा स्वतःला टोचण्यासाठी हे पेप्टाइड नाही. कुपीवरील ‘केवळ संशोधनासाठी’ या शब्दांचा अर्थ तसाच घ्यावा. काम संपल्यावर सुया छेदरोधक पांढऱ्या डब्यात टाकाव्यात, उरलेल्या रक्तावर संस्थेच्या नियमानुसार १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटची प्रक्रिया करावी, आणि वहीत पेप्टाइडचा लॉट क्रमांक, निव्वळ प्रमाण, अंतिम मात्रा, प्लेटलेटची मोजणी व रक्त काढल्याची वेळ त्याच दिवशी लिहावी.